गिनीपिगचं जॉइंट खातं

(रौप्यमहोत्सवी वर्षातल्या रविवारच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे. फक्त मधली चहाची सूचना आणि लिफ्टवरची चर्चा काढली आहे.)



या मालेत माझ्याआधी मधुमेहावर भाषण झालं, इच्छापत्रावर झालं, गच्चीवरच्या सोलरवर झालं. सचिवांनी मला विचारलं तेव्हा त्यांना वाटलं असणार की हे मुदत ठेव, नॉमिनेशन असं काही बोलतील. आयुष्य बँकेत गेलं, त्यातली अकरा वर्षं अकोल्याला, तेव्हा त्यांचंही बरोबर होतं. मी विषय सांगितला : गिनीपिगची एकमेकांशी ओळख कशी करून द्यावी. सचिव थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "काका, लोक येतीन ना?" तुम्ही आलात, आभारी आहे.

विषय थट्टेचा वाटेल, पण त्याला कारण आहे. आपल्या तीन विंगमध्ये मिळून आज पाच गिनीपिग आहेत. दोन एकत्र राहतात, त्यांचीच हकीकत सांगणार आहे. उरलेले तीन एकेकटे आहेत. शिवाय परीक्षा संपल्या की आणखी दोन-तीन घरांत हट्ट सुरू होणार, हे मला जिन्यात ऐकू येतं.

ज्येष्ठांसाठी आधी ओळख. आमच्या सौ.ची मावशी पहिल्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली, "हा उंदीर कायले पोसला बावा?" जात कुरतडणाऱ्यांचीच, पण उंदीर नव्हे. शेपूट नाही, भिंतीवर चढत नाही, पळून कुठे जात नाही. नावात गिनी आहे, पण आफ्रिकेतल्या गिनी देशाशी त्याचा संबंध नाही. पिग आहे, पण डुकराशीही नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पेरू-बोलिव्हियाकडे लोक हजारो वर्षांपासून तो घरात पाळतात, आणि खरं सांगायचं तर खाण्यासाठी पाळतात. तिथे त्याला कुई म्हणतात. आपल्याला त्याचं नाव माहीत झालं ते प्रयोगशाळेमुळे. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू सिद्ध केला, त्यात गिनीपिगवरचे प्रयोग होते. १९०७ साली नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांना गिनीपिगमध्ये स्कर्व्ही दिसला आणि पुढे 'क' जीवनसत्त्वाच्या शोधाला त्याचा उपयोग झाला. माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही 'क' जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, ते रोज खाण्यातूनच द्यावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एकटेपणाचं. जंगलातले त्याचे भाऊबंद टोळीने राहतात : साधारण एक नर, काही माद्या, पिल्लं. त्याला शिंग नाही, जोरात पळण्याचे पाय नाहीत. सगळं संरक्षण कानात आणि नाकात, आणि तेही दुसऱ्याच्या. एक चरतो तेव्हा दुसरा ऐकतो. एकट्याला दोन्ही कामं करावी लागतात, म्हणून तो धड चरत नाही आणि धड झोपतही नाही. आपण मांडीवर घेतो, कुरवाळतो, ते ठीक आहे, पण आपण रात्री अकराला दिवा बंद करून निघून जातो. त्याच्या भाषेत आपल्याला एक शब्द येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००८ सालच्या प्राणी संरक्षणाच्या नियमात आहे की गिनीपिग एकटा ठेवता येत नाही. त्यातून एक पंचाईत झाली. जोडीतला एक मेला की दुसरा आणायचा, मग जुना मरतो आणि नवा एकटा राहतो, पुन्हा आणा. साखळी संपतच नाही. म्हणून तिथे एक बाई म्हाताऱ्या गिनीपिगला सोबत म्हणून दुसरा गिनीपिग भाड्याने देऊ लागली. वर्तमानपत्रांत आलं होतं. हसू नका, आम्ही त्याच पंचाइतीत सापडलो होतो.

आमच्या घरी दोन बहिणी होत्या, बर्फी आणि जिलबी. नात चौथीत असताना आणल्या. मागच्या कोजागिरीच्या आठवड्यात बर्फी गेली. चार वर्षांची होती. हे प्राणी पाच ते आठ वर्षं जगतात, म्हणजे थोडी लवकरच. जिलबी त्याआधी कशी होती ते आमच्या शेजाऱ्यांना माहीत आहे : फ्रिजचं दार वाजलं की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी व्हीक-व्हीक ओरडायची. ते बंद झालं. फ्रिज उघडा, सांभाराची जुडी समोर धरा, नुसती बघायची. मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहितो, ती जुनी खोड आहे. १०८० ग्रॅमची जिलबी तीन आठवड्यांत ९६५ वर आली. दहा टक्क्यांच्या वर घट. गिनीपिगमध्ये एवढी घट म्हणजे डॉक्टर गाठायचा, उद्या बघू म्हणायचं नाही.

अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था असल्यामुळे आपल्या भागात गाई-म्हशींना, शेळ्यांना चांगले डॉक्टर मिळतात. गिनीपिगचे दात तपासणारा मात्र शोधावा लागतो. अकोल्याला एक मिळाले. रस्त्याची आता तक्रार नाही. २०२२ साली याच अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तासांत करून गिनीज बुकात नाव गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. नात म्हणाली, "आजोबा, गिनीजच्या रस्त्यावरून गिनीपिग." डॉक्टरांनी दात पाहिले, छाती ऐकली, पोट चाचपलं. म्हणाले, "औषध लिहून देण्यासारखं काही सापडत नाही. सोबत देऊन बघा."

नवं पिल्लू आणणं सोपं होतं, पण मी मघाशी सांगितलेली साखळी डोळ्यांसमोर होती. तेव्हा सौ.ने आठवण दिली, की अ विंगमध्ये तळमजल्यावर पाचवीतल्या मुलाकडे एक आहे. "तेबी एकटंच हाये न," ती म्हणाली. त्या मुलाच्या गिनीपिगचं नाव रॉकी. दुकानदाराने नर म्हणून दिलेला, वय वर्षभर. त्याच्या आईला विनंती केली की आधी अकोल्याला दाखवू. दाखवलं. रॉकी मादी निघाली. नाव तेच राहिलं, मुलगा बदलू देत नाही.

हे तपासणं किती गरजेचं आहे ते नीट ऐका. नर महिना-सव्वा महिन्याचा होतो तोवर पिल्लं होण्याच्या लायकीचा झालेला असू शकतो, आणि मादीही साधारण त्याच वयाला. गर्भ दोन महिने ते सव्वादोन महिने. व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. मोठ्या वयात पहिली खेप झाली तर तिच्या जिवावर बेततं. तेव्हा नर-मादी तसेच एकत्र ठेवायचे नाहीत. दोन माद्या चालतात. नसबंदी केलेला नर आणि एक किंवा दोन माद्या, ही जोडी तर सगळ्यात शांत मानतात. पण नसबंदीनंतरही नराला महिना-दीड महिना वेगळा ठेवायचा. दोन नर लहानपणापासून एकत्र असतील आणि जागा भरपूर असेल, तर राहतात. मोठे झालेले दोन अनोळखी नर एकत्र आणणं सगळ्यात अवघड.

डॉक्टरांना रॉकीच्या कानामागे खरूज दिसली. म्हणून ओळख लांबली. नवा प्राणी घरात आला की दोन-तीन आठवडे वेगळा ठेवतात ते याच्यासाठीच : खरूज, उवा, बुरशी, सर्दी हे सगळं आधी बाहेर पडू द्यायचं. आम्ही उपचार पूर्ण होईपर्यंत पाच आठवडे थांबलो. तेवढ्यात जिलबी आणखी घटू नये म्हणून नात अभ्यासाला तिच्या पिंजऱ्याशेजारी जमिनीवर बसायची.

कांदेपोह्याचा कार्यक्रम कुठे करायचा, हा पुढचा प्रश्न. नव्या गिनीपिगला जुन्याच्या पिंजऱ्यात कधीही टाकायचं नाही. जुन्याच्या दृष्टीने ती घरफोडी असते. जागा दोघांनाही अनोळखी हवी. आमच्याकडे नको, त्यांच्याकडे नको, म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन सोसायटीचं ऑफिस घेतलं. सर्वसाधारण सभेत जिथे आपण पार्किंगवरून भांडतो, तिथेच. डिसेंबरचा शेवटचा रविवार निवडला, हवा थंड होती. उन्हाळ्यात हे करायचं नाही. आधीच तापलेलं जनावर पळापळीत गळून जाईल.

टेबलं भिंतीला लावली. जमिनीवर जुन्या चादरी अंथरल्या. वाळलेल्या गवताचे तीन ढीग केले, पाण्याच्या बाटल्या दोन, आणि पुठ्ठ्याची तीन खोकी. प्रत्येक खोक्याला दोन दारं कापली. एकच दार असलं की एक आत कोंडला जातो आणि दुसरा दारात उभा राहतो, मग मारामारी होणारच. दोन दारं असली की पळणाऱ्याला वाट असते. दोघींच्या पिंजऱ्यातली कोणतीही जुनी वस्तू ठेवली नाही. माणसं चारच : दोन्ही मुलं, रॉकीची आई आणि मी. माझ्या हाताशी एक जाड टॉवेल आणि केरभरणी.

वहीतल्या नोंदी वाचतो. दहा वाजून पाच मिनिटांनी दोघींना एकाच वेळी खाली ठेवलं. दहा मिनिटं काहीच नाही, दोघी वेगवेगळ्या ढिगांवर गवत खात होत्या, जणू दुसरी खोलीत नाहीच. मग नाकाला नाक, मग मागून हुंगणं. दहा वीसला जिलबी घुमायला लागली. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यावर टेबलावर घुमतो ना, तसा आवाज, आणि मागचा भाग डावीकडे-उजवीकडे झुलवत चालणं. हा दादागिरीचा आवाज, भांडणाचा नव्हे. पंचवीसला पाठलाग सुरू. रॉकी एका खोक्यातून आत, दुसऱ्या दाराने बाहेर. तिसाला जिलबी तिच्या पाठीवर चढली. दोन्ही माद्या असल्या तरी हे करतात, यात मोठी कोण एवढंच ठरतं. पस्तिसाला दोघी समोरासमोर, नाकं वर, दात कटकट वाजताहेत, मानेवरचे केस उभे. जिलबीने मुसंडी मारली आणि केसांचा एक पुंजका चादरीवर पडला.

मुलगा रडायला लागला. "आजोबा, सोडवा न! मारून टाकीन ती तिले!" त्याची आईही माझ्याकडे बघायला लागली. सगळ्या बेतात अवघड क्षण हाच असतो. इथे बहुतेक लोक धावून दोघांना वेगळं करतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू होतं, कारण मोठी कोण ते ठरलेलंच नसतं. रोज अर्धा तास भेट आणि मग आपापल्या घरी, असं केलं तर रोज अर्धा तास भांडणच होतं.

कधी थांबवायचं तेही सांगतो. रक्त दिसलं, किंवा दोघी एकमेकींना धरून चेंडूसारख्या लोळायला लागल्या, की मध्ये केरभरणी घालायची, वरून टॉवेल टाकायचा आणि वेगळं करायचं. हात घालायचा नाही. त्यांचे दात गाजर कापतात, बोट त्यापुढे काही नाही. दात वाजणं आणि केस उभे राहणं हा इशारा आहे, तेव्हा अगदी जवळ सरकून बसायचं, पण थांबायचं. घुमणं, पाठलाग, चढणं, चिडून किंचाळणं हे सगळं चालू द्यायचं. मी मुलाचा हात धरून ठेवला आणि म्हटलं, पाच मिनिटं माझ्याबरोबर रक्त शोध. दिसलं की मी उठतो. तो डोळे पुसत शोधत राहिला. रक्त नव्हतं.

अकरा दहाला रॉकीने मान खाली घातली आणि बाजूला झाली. जिलबीने तिला एका ढिगावरून हाकललं, ती दुसऱ्यावर गेली. तिथूनही हाकललं, तिसऱ्यावर गेली. म्हणून ढीग तीन होते. बाराला मुलाच्या आईने सगळ्यांसाठी चहा आणला. साडेबाराला दोघी एका ढिगाच्या दोन टोकांना खात होत्या. एक वाजून दहा मिनिटांनी जिलबी मागचे पाय पसरून आडवी झाली. घाबरलेला गिनीपिग असा कधी झोपत नाही. बर्फी गेल्यापासून मी तिला अशी पाहिली नव्हती. नात काही बोलली नाही, उठून बाहेर गेली, पाच मिनिटांनी तोंड धुऊन आली.

आता खरा पेच. दोघींना परत वेगळं करायचं नाही, म्हणजे राहायचं एकाच घरी. कोणाच्या? महिना इकडे महिना तिकडे, असं मुलांनी सुचवलं. पण दर महिन्याला जागा बदलली की दर महिन्याला वाद उकरून निघतो. मी घराकडे बघून हिशेब केला. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, आणि या प्राण्याला सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे त्रास सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही. बर्फी-जिलबीसाठी आम्ही चार उन्हाळे एका खोलीत दिवसरात्र कूलर चालवला. तळमजल्यावरची मुलाची खोली उत्तरेकडची, फरशी थंड. उत्तर सरळ होतं, सांगणं सरळ नव्हतं. नातीला मी जिन्यात बसून सांगितलं. तिने विचारलं, "मग जिलबी कोणाची?"

तेव्हा बँक कामाला आली. म्हटलं, जॉइंट खातं उघडू, आयदर ऑर सर्व्हायव्हर. दोघांपैकी कोणीही केव्हाही व्यवहार करू शकतो, पासबुक एकच. मुलांना त्यातलं 'आयदर' आवडलं. 'सर्व्हायव्हर'चा अर्थ दोघांनाही नंतर समजावून सांगावा लागला. जिलबी चार वर्षांची, रॉकी एक. उद्या रॉकी एकटी राहिली तर तिच्यासाठी पुन्हा याच सोसायटीत घर शोधायचं, विकत आणायचं नाही, असं कागदावर लिहिलं. दोन्ही मुलांच्या सह्या आहेत. मी साक्षीदार.

सुताराकडून चार फूट बाय अडीच फुटाचा पिंजरा करून घेतला, म्हणजे दहा चौरस फूट. दुकानात मिळतो तो दीड फुटाचा पिंजरा एकालाही पुरत नाही. त्या दुपारी दोघींना एकदमच नव्या पिंजऱ्यात ठेवलं, कोणाचाही वास नसलेल्या. पंधरा दिवस धुसफूस चालली. जिलबी आजही रॉकीच्या तोंडातला सांभार ओढून घेते, आणि रॉकी सोडते. पहिल्या आठवड्यात रॉकी वीस ग्रॅमने घटली तेव्हा मी दोन वाट्यांऐवजी चार ठिकाणी खाणं ठेवायला सांगितलं. ओळख झाल्यावर वजन बघणं सोडू नका. दबलेल्याला खायला मिळत नाही हे डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं. संक्रांतीला जिलबी १००५ होती. मागच्या रविवारी १०५०, आणि रॉकी ८९०. फ्रिजचा आवाज आला की आता तळमजल्यावर दोघी ओरडतात, त्याबद्दल शेजारच्या गुरुजींची क्षमा मागतो.

खाण्याचं थोडक्यात. मुख्य खाणं वाळलेलं गवत, हवं तेवढं, चोवीस तास. गुरांचं कुटार देऊ नका, धूळ नाकात आणि काड्या डोळ्यांत जातात. हरळी, सांभार, आणि रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, त्यातून 'क' जीवनसत्त्व मिळतं. वरूड-मोर्शीचं संत्रं हातात आहे म्हणून रोज देऊ नका, आठवड्यातून एखादी फोड. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज दिली तर त्यातल्या चुन्यामुळे मूतखड्याची भीती. कांदा, बटाटा, पोळी, बिस्किट अजिबात नाही.

भाषणानंतर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरं सचिवांनी छापायला सांगितली.

एका वहिनींनी विचारलं, एकट्याच्या पिंजऱ्यात आरसा किंवा कापडी बाहुली ठेवली तर चालेल का. आरशाला वास नसतो आणि तो उत्तर देत नाही. चालणार नाही.

सशाबरोबर ठेवावा का? नाही. सशाची एक लाथ गिनीपिगचं हाड मोडू शकते, सशाच्या श्वासनळीतला जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करू शकतो, आणि दोघांचं खाणंही वेगळं.

क विंगमधल्या ताईंनी विचारलं, त्यांचा नर एकटा आहे, दोन वर्षांचा, त्याला जिलबी-रॉकीत सोडता येईल का. तसाच नाही. आधी अकोल्याला दाखवू. नसबंदीत भूल द्यावी लागते, एवढ्याशा जिवाला तिचा धोका असतो, म्हणून ज्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडूनच, आणि आता नको, पावसाळा लागल्यावर. त्यापुढे दीड महिना वेगळा, मग पुन्हा सोसायटीचं ऑफिस, अध्यक्षांनी परवानगी दिली तर. दोन्ही मुलांनाही विचारावं लागेल, खातं त्यांचं आहे. पण ताई, तुमचा पिंजरा पश्चिमेच्या बाल्कनीत आहे, मी खालून येता-जाता बघतो. होळी होऊन गेली. तो आज संध्याकाळीच आत घ्या. उचलायला मी येतो, काटाही घेऊन येतो.